मळवलीची छापील बाग

मराठीत वसंत हा पंचांगातला आणि कवितेतला शब्द. शेतकऱ्याच्या तोंडी तो क्वचितच येतो. त्याच्या तोंडी येतो तो बहार. डाळिंबाच्या किंवा लिंबाच्या बागाईतदाराला विचारले तर तो सांगेल, बहार तीन: आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार. फारसीत बहार म्हणजे वसंत. आमच्या शेतकऱ्याने तो शब्द घेतला आणि ऋतूपासून सोडवून झाडाला बांधला. पाणी तोडायचे, झाडाला ताण द्यायचा, पाने गळू द्यायची आणि मग पाणी सोडून फूल आणायचे, याला तो बहार धरणे म्हणतो. म्हणजे वसंत ठरवून आणायचा. बाग, बगीचा, बागाईत, गुलाब, गुलाबी हे शब्दही त्याच वाटेने आले, आणि बागवान हे तर आमच्यातल्या एका मोठ्या बिरादरीचेच नाव. बाग आमच्या भाषेत आहे, धंद्यात आहे, आडनावात आहे. मग आमच्या घरच्या भिंतीवर ती का आली नाही? या साध्या प्रश्नाच्या मागे जाता जाता आम्ही मळवलीला पोहोचलो.

पुण्याहून लोकलने लोणावळ्याकडे जाताना कामशेतनंतर मळवली लागते. डाव्या हाताला भाज्याची लेणी आणि त्यांच्या डोक्यावर लोहगड-विसापूर, उजव्या हाताला कार्ल्याचा डोंगर. पावसाळ्यात गर्दीने उतरणारी माणसे धबधब्यासाठी येतात. चैत्रात इथे कोणी येत नाही, कारण मावळचा वसंत हिरवा नसतो. गवत वाळून पिवळे पडलेले असते, डोंगर जागोजाग वणव्याने काळवंडलेले असतात, आणि त्या भकास पार्श्वभूमीवर पळस, पांगारा, काटेसावर अंगावर पान नसताना लाल होऊन उभे असतात. हिरवी बाग पाहायची तर इथे श्रावणात यावे. हे सांगायचे कारण असे की, ज्या चित्रांविषयी आम्ही बोलणार आहोत त्यांतली हिरवाई या मातीतली नाही, आणि तरीही त्यांतली बरीचशी याच मातीत छापली गेली.

आधी एक परदेशी चित्र पाहू. क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार १८७१ च्या अखेरीस पॅरिसजवळच्या आर्जांतय या गावी राहायला आला. पुढच्या वसंतात, १८७२ मध्ये, त्याने बागेत बसलेल्या आपल्या पत्नीचे, कामिलचे, एक लहानसे चित्र रंगवले. रुंदी दोन फुटांहून थोडी अधिक, उंची त्याहून कमी. लायलॅकच्या झाडाखाली, गवतावर, फिकट गुलाबी घेरदार पोशाख पसरून ती पुस्तक वाचते आहे. एवढाच विषय. देवी नाही, राणी नाही, कथा नाही. पण नीट पाहिले तर त्या पोशाखावर आणि गवतावर पांढरट, पिवळसर ठिपके पडलेले दिसतात. पानांच्या फटींतून गळालेले ऊन आहे ते. चित्राचा खरा विषय कामिल नव्हे, तिच्यावर सांडलेला उजेड आहे. म्हणूनच चित्राचे नाव ‘वसंत’ असेही आहे आणि ‘वाचणारी’ असेही. आज ते अमेरिकेत, बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे.

या मंडळींची रीत अशी की रंग पाटीवर घोटून एकजीव करायचे नाहीत. निळ्याचा फटकारा, शेजारी पिवळ्याचा, त्याच्या शेजारी जांभळ्याचा. ते मिसळण्याचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्याने करायचे. सावलीत काळा नको, सावलीलाही तिचा रंग असतो. यामागे थोडे शास्त्र होते. शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ या सरकारी गालिचे-पडद्यांच्या कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. एका रंगाचा धागा दुसऱ्याच्या शेजारी आला की दोघेही बदलून दिसतात, हा नियम त्याने १८३९ च्या ग्रंथात मांडला. थोडे हिकमतीचे साहाय्यही होते. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकनाने कथलाच्या नळीत रंग भरण्याचे पेटंट घेतले आणि चित्रकाराला खोलीबाहेर पडून बागेत बसता आले. १८७४ मध्ये या लोकांनी पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेव्हा मोनेच्याच एका चित्राच्या नावावरून एका टीकाकाराने त्यांना चेष्टेने ‘इंप्रेशनिस्ट’ म्हटले. मराठी समीक्षकांनी त्याला दृक्प्रत्ययवाद असा भारदस्त शब्द केला आहे. आम्हांला तो उच्चारताना अडखळायला होते, पण अर्थाला चपखल आहे.

आमच्या बागवान मित्रांना मात्र मोनेपेक्षा त्याचा साथीदार पिसारो अधिक आवडेल, अशी आमची खात्री आहे. त्याने १८७७ मध्ये पोंत्वाझ येथील वसंत रंगवला तो भाजीच्या मळ्यातला. पुढे वाफे, मागे फुललेली फळझाडे. बागवान ते चित्र पाहून पहिले विचारील, यातला मोहोर किती टिकला?

मोनेचे ‘वसंत’ १८७६ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला या गटाच्या दुसऱ्या प्रदर्शनात टांगले गेले. एका नामांकित वृत्तपत्राच्या टीकाकाराने या साऱ्यांची गणना वेड्यांत केली. त्याच १८७६ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्रावणकोरच्या एका तरुण चित्रकाराचे चित्र लागले होते. तेही बागेतल्या बाईचेच. झाडाखाली, गवतावर आडवी झालेली शकुंतला दुष्यंताला पत्र लिहिते आहे. ते चित्र मद्रासच्या गव्हर्नरांनी विकत घेतले. चित्रकार राजा रविवर्मा, वय अठ्ठावीस.

एकच वर्ष, दोन बागा, दोन स्त्रिया, एक वाचणारी आणि एक लिहिणारी. पण दोन्ही बागांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. शकुंतलेच्या बागेत ऋतू नाही, वेळ नाही. ती सकाळ आहे की संध्याकाळ, हे सांगता येत नाही. झाडे आहेत ती शकुंतलेला शोभा आणण्यासाठी. उजेड येतो तो सूर्याकडून नव्हे, चित्रशाळेच्या खिडकीतून यावा तसा, चेहरा उजळण्यापुरता. आम्ही हे रविवर्म्याला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. त्याला कथा सांगायची होती आणि ती त्याने अशी सांगितली की पुराणातली माणसे कशी दिसत असतील ते या देशाने त्याच्याकडूनच ठरवून घेतले. पण बाग त्याच्याकडे नेपथ्यच राहिली. हंस-दमयंतीतही तेच, झोपाळ्यावरच्या मोहिनीतही तेच. त्याचा धाकटा भाऊ राजराज वर्मा निसर्गचित्रांत निपुण होता आणि मोठ्या भावाच्या चित्रांतल्या पार्श्वभूमीत त्याचाही हात असे. १९०५ मध्ये तो गेला. या घरातला निसर्गाचा खरा डोळा बहुधा त्याचा होता, आणि तो कायम मागच्या बाजूला राहिला.

ही बाग मळवलीला कशी आली? मागणी इतकी वाढली होती की हाताने चित्रे पुरवणे शक्य नव्हते. रविवर्म्याने भागीदार घेऊन, जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आणवून १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पहिले चित्र निघाले ते ‘शकुंतलेचा जन्म’. पण १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, माणसे शहर सोडून पळू लागली, आणि शतक संपता संपता छापखाना घाट चढून मळवलीला आला. धंद्याचे गणित मात्र जमत नव्हते. कर्जाने टेकीला आलेल्या रविवर्म्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच तो आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकून टाकला. श्लायशरने नाव बदलले नाही. चित्राच्या खालच्या कडेला ‘रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ अशी ओळ येत राहिली, त्यामुळे लोकांना कार्ला ठाऊक झाले आणि मळवली विसरली गेली. पुढे सिनेमा काढणारे दादासाहेब फाळकेही काही काळ या छापखान्यासाठी काम करीत होते.

तिथले काम कसे चाले, हे समजून घेण्यासारखे आहे. छपाईचा दगड जर्मनीतल्या बव्हेरियाचा, बारीक कणांचा चुनखडक. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे. मग दगड ओला करायचा. तेल पाण्याला दूर ठेवते, तेलकट रेघ तेवढीच शाई धरते, ओला भाग धरत नाही. सगळी करामत या एका वैरावर उभी. रंगीत चित्रासाठी एकाच चित्राचे भाग पाडायचे: पिवळ्याची शिळा वेगळी, लालची वेगळी, निळ्याची वेगळी, त्वचेच्या छटेची आणखी वेगळी. चांगल्या चित्राला दहा-बारा शिळाही लागत. एकच कागद प्रत्येक शिळेवरून एकदा जाई, आणि दर खेपेला केसभरही न हलता त्याच जागी बसावा लागे, नाहीतर देवीच्या ओठांचा रंग गालावर जायचा. शेवटी वरून व्हार्निश, की कागद तैलचित्रासारखा चकाकतो.

आता यातली गंमत पाहा. शिळेवर मऊ छटा आणायची तर कारागीर अणकुचीदार लेखणीने हजारो ठिपके देई. दाट ठिपके म्हणजे गडद, विरळ म्हणजे फिकट. पिवळ्या ठिपक्यांवर निळे ठिपके पडले की दुरून हिरवे गवत दिसे. हिरवी शाई तिथे असेलच असे नाही. म्हणजे मोने कॅनव्हासवर जे करीत होता त्याचेच एक भावंड मळवलीच्या शेडमध्ये यंत्रावर चालले होते. दोन्हीकडे रंग मिसळायचा तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात. फरक एवढाच की मोनेला फटकारा दिसायला हवा होता, आणि मळवलीच्या कारागिराचे सारे कसब ठिपका लपवण्यात होते. रविवर्म्याचे जुने छापील चित्र भिंग लावून पाहावे. देवीच्या मागची बाग विरघळते आणि उरतात ते सुटे रंग, कुठल्याही फ्रेंच बागेइतके मोकळे.

पण ती बाग आमच्या घरात आली नाही. का, ते उघड आहे. तिच्यापुढे नेहमी कोणीतरी उभे असे, आणि ज्या घरात नमाज पढली जाते तिथे माणसांची चित्रे लावायला आमचे बुजुर्ग तयार नसत. आमच्या भिंतीवर मक्का-मदिन्याची तसबीर असे, आयतुल कुर्सी असे, फार तर एखाद्या दर्ग्याचे चित्र. देवी वगळून नुसती बाग छापावी, तिला गिऱ्हाईक मिळेल, असे बाजाराला वाटले नसावे.

मात्र दगड आमच्याही घरात आला होता, आणि मळवलीच्या बराच आधी. खिळ्यांच्या छपाईत उर्दू-फारसीचे नस्तालीक वळण नीट उतरत नव्हते, म्हणून आपल्याकडची उर्दू, फारसी आणि अरबी पुस्तके मोठ्या प्रमाणावर शिळाप्रेसवरच निघाली. लखनौच्या नवलकिशोर प्रेसचा कारखाना १८५८ पासून चालला तो याच तंत्रावर. कातिबाने विशिष्ट कागदावर तेलकट शाईने मजकूर लिहायचा, तो दगडावर उतरवायचा, आणि हव्या तितक्या प्रती काढायच्या. गोरगरिबांच्या घरात कुराणाची प्रत पोहोचली ती या दगडामुळे. त्याच दगडाने हाताने एकेक प्रत लिहिणाऱ्यांची गरजही कमी केली. एकाच्या दिवाणखान्यात लक्ष्मी आणि दुसऱ्याच्या ताकावर कुराण पोहोचवणारे तंत्र एकच होते, ही गोष्ट दोघांनाही सहसा ठाऊक नसते.

आता मळवलीहून कोल्हापूरला जाऊ. वाट सरळ आहे. रविवर्मा प्रेसने पुढे ज्या चित्रकारांची चित्रे छापली त्यांत महादेव विश्वनाथ धुरंधर होते, आणि धुरंधर जन्माने कोल्हापूरचे. त्याच कोल्हापुरात धुरंधरांच्या आधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाऊन आलेला एक मुसलमान चित्रकार होता. अबालाल रहिमान.

त्यांच्या घरी कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचे काम चाले असे सांगतात. ते खरे असेल तर बोरूची पकड, ओळीचे भान आणि शाईच्या थेंबाची किंमत त्यांना लहानपणीच कळली असणार. १८८० च्या दशकात ते जे. जे. मध्ये शिकले. तिथे तेव्हा जॉन ग्रिफिथ्स प्रमुख होते, ज्यांनी विद्यार्थी नेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. शिक्षण पक्के विलायती पद्धतीचे: पुतळे समोर ठेवून रेखाटन, माणूस समोर बसवून अभ्यास. अबालाल यात कमी नव्हते. परत आल्यावर त्यांना शाहू छत्रपतींचा आश्रय मिळाला. दरबारी चित्रकार म्हणून शिकारीची, माणसांची, जनावरांची चित्रे त्यांनी केली. हे मुद्दाम लिहितो, कारण अबालालांनी मजहबापायी माणूस वगळला आणि म्हणून निसर्ग रंगवला, असे कोणी आमच्यातलाच अभिमानाने सांगू लागला तर ते चुकीचे ठरेल. त्यांना माणूस रंगवता येत होता, ते रंगवीतही. तरी त्यांचे मन जिथे रमले ती जागा वेगळी होती.

ती जागा म्हणजे कोटितीर्थ. कोल्हापूरच्या या तळ्याकाठी ते एकटे राहत. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा घाट, हेच त्यांचे विषय, पुन्हा पुन्हा. पाण्यावरची सकाळ, झाडांच्या शेंड्यांवर अडकलेले ऊन, धुक्यात विरलेला काठ. माध्यम बहुतेक जलरंग, आकार लहान. रंग ते ठिपक्या-ठिपक्यांनी, छोट्या फटकाऱ्यांनी देत. जवळून पाहिले तर सुटे डाग, चार पावले मागे गेले तर ओला उजेड. याच कारणाने आपल्याकडचे जाणकार त्यांचे नाते फ्रेंच दृक्प्रत्ययवाद्यांशी जोडतात. आम्ही ते नाते मानतो, पण रक्ताचे नव्हे, शेजाराचे. जो कोणी वर्षानुवर्षे एकाच पाण्यासमोर बसेल त्याला कधीतरी कळतेच की पाणी दोनदा सारखे नसते. मोनेने झिव्हर्नीला स्वतःचे तळे खणवून घेतले. अबालालांना कोटितीर्थ आयते होते.

या आधीचा आमचा वसंत वेगळ्या जातीचा होता. १६२० मध्ये जहांगीर काश्मीरच्या वसंतात होता आणि त्याच्या नोंदीप्रमाणे उस्ताद मन्सूरने तिथली शंभरावर फुले रंगवली. मन्सूरचे फूल म्हणजे एकेक पाकळी, एकेक शीर, रेषेत पकडलेली. त्यात ऊन नाही, वारा नाही. फूल जणू साक्षीला उभे आहे. मन्सूरपासून अबालालांपर्यंत तीनशे वर्षांत फुलाची रेषा गेली आणि उजेड आला. हा प्रवास कोणी सलग लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. मोगल चित्रकला एका कपाटात ठेवली जाते, कोल्हापूरची परंपरा दुसऱ्यात.

शाहू महाराजांचे मुसलमान प्रजेवरचे लक्ष आपण नेहमी मुस्लिम बोर्डिंगच्या संदर्भात सांगतो. १९०६ मधली ती गोष्ट सांगायलाच हवी. त्याच वर्षी कोटितीर्थाजवळ शाहू मिलही उभी राहू लागली. पण महाराजांनी अबालालांसारख्या फकिरी वृत्तीच्या माणसाला त्याच्या कलाने राहू दिले, हेही आश्रयाचेच एक रूप आहे आणि ते मोजायला पटावरची संख्या नसते. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्या दुःखात अबालालांनी आपली चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापूर सांगते. कोणी आकडा वीस हजारांचा सांगतात. थोडा हिशेब करू. शिक्षण संपल्यापासून १९२२ पर्यंत साधारण चौतीस वर्षे. रोज एक चित्र धरले तरी साडेबारा हजारांच्या पुढे जात नाही. म्हणजे आकडा फुगलेला आहे, किंवा त्यात पेन्सिलीच्या टाचणांपासून सगळे आले. पण आकडा खोटा ठरला म्हणून घटना खोटी ठरत नाही. ज्या पाण्याची चित्रे काढली त्याच पाण्यात ती गेली, या कथेत लोकांना काहीतरी खरे वाटले म्हणूनच ती शंभर वर्षे टिकली.

१९३१ मध्ये अबालाल गेले. त्यांच्यानंतर कोल्हापूरच्या निसर्गचित्रणाची जी शाळा तयार झाली, बाबूराव पेंटरांपासून पुढे, तिने त्यांना गुरुस्थानी मानले. बाबूराव पुढे सिनेमाकडे वळले, जसे मळवलीच्या वाटेने फाळके वळले होते.

मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत जळाला. तरी त्याची चित्रे संपली नाहीत. प्रतीच इतक्या होत्या की आजही जुन्या वाड्यांतून, लिलावांतून, भंगारवाल्याकडून त्या निघतात, आणि कॅलेंडरांवर त्यांच्या नकलांच्या नकला फिरतात. अबालालांचे उलट झाले. त्यांच्या बागेला शिळा मिळाली नाही. प्रत एकच, तीही जलरंगातली, आणि जलरंगाला ऊन सोसत नाही. उरलेली चित्रे कोल्हापुरात छत्रपतींच्या संग्रहालयात आणि इतर काही संग्रहांत आहेत. ज्या घरांत माणसाचे चित्र लागत नव्हते त्या घरांत लावता येईल अशी बाग आमच्याच एका माणसाने रंगवून ठेवली होती आणि ती कोणी छापली नाही. मुसलमान गिऱ्हाइकासाठी तसबिरी काढणाऱ्यांनाही ते सुचले नाही. मराठी मुसलमान लेखकांनी तरी त्यांच्यावर किती लिहिले? बिरादरीचे नामवंत मोजताना आम्ही शायर मोजतो, पहिलवान मोजतो, शाहीर मोजतो. चित्रकाराच्या रकान्यापाशी थोडे थांबतो, घसा खाकरतो आणि पुढे जातो.

कोल्हापूरला जाणाऱ्याने फाल्गुन-चैत्रात जावे. रंकाळ्याचे पाणी तेव्हा उतरलेले असते आणि संध्यामठाचा दगडी मंडप एरवीपेक्षा जास्त उघडा पडतो. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी काठावर उभे राहावे, आणि त्या दिवशी सकाळीच संग्रहालयात जाऊन अबालाल पाहून घेतलेले असावेत.